रोजच्या १४० किलोमीटरच्या प्रवासासाठी किफायतशीर डिझेल गाडी कशी निवडावी?

लांबचा_प्रवासी

नमस्कार. माझी बदली झाली असून पुढच्या महिन्यापासून मला रोज ७० किलोमीटर जावे आणि तेवढेच परत यावे लागणार आहे. एका फेरीतील साधारण ५५ किलोमीटर मोकळा महामार्ग आहे आणि कार्यालयाच्या बाजूचे १५ किलोमीटर शहरातील गर्दीचे आहेत. आठवड्यातून पाच दिवस हा प्रवास असेल. गाडीत बहुतेक वेळा मी एकटाच असेन, सुट्टीच्या दिवशी मात्र कुटुंबातील चौघे असू.

सध्याची पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर देते आणि ती या अंतराला परवडणार नाही, हे उघड आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, म्हणून चार-पाच वर्षे वापरलेली डिझेल गाडी घ्यावी असा विचार आहे. दीड लिटरचे इंजिन पुरेल की दोन लिटरचे घ्यावे, एक लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली गाडी टाळावी का, डीपीएफबद्दल (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल) ज्या तक्रारी ऐकू येतात त्या माझ्यासारख्या वापराला कितपत लागू आहेत आणि गिअर हाताने बदलायचे की ऑटोमॅटिक घ्यायचे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. गाडी किमान सहा वर्षे वापरायची आहे.

हिशेबी

आधी आकडे मांडून पाहू, कारण ‘लिटरला इतके किलोमीटर’ ही आपली नेहमीची भाषा या ठिकाणी थोडी फसवी ठरते. वर्षाचे ४६ आठवडे धरले तर तुमचा प्रवास ३२,२०० किलोमीटर होतो. लिटरला १३ किलोमीटर देणाऱ्या गाडीला त्यासाठी सुमारे २,४७७ लिटर इंधन लागेल, १८ देणारीला १,७८९, २२ देणारीला १,४६४ आणि २५ देणारीला १,२८८. म्हणजे १३ वरून १८ वर गेल्याने वर्षाला जवळजवळ ६९० लिटर वाचतात, पण २२ वरून २५ वर जाण्यासाठी तुम्ही कितीही धडपड केली तरी १७६ लिटरच वाचतात. त्यामुळे लिटरमागे आणखी दोन-तीन किलोमीटर मिळावेत म्हणून अधिक महाग किंवा कमी विश्वासाची गाडी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे लिटर तुमच्याकडील डिझेलच्या भावाने गुणा आणि त्या रकमेसमोर विमा, कर, सर्व्हिसिंग आणि टायर यांचा वर्षाचा खर्च मांडा. पेट्रोल गाडीशी तुलना करताना दोन्ही इंधनांचे भाव वेगवेगळे धरावेत, कारण एक लिटर डिझेलमध्ये मुळातच एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक ऊर्जा असते आणि सगळा फरक इंजिनाच्या गुणवत्तेचा नसतो.

कंपनीने जाहीर केलेल्या ॲव्हरेजबद्दलही एक सावधगिरी घ्यावी. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांसाठी इंधनाचा वापर मोजणारी डब्ल्यूएलटीपी ही चाचणी आली. त्याआधीच्या एनईडीसी चाचणीत वेग हळूहळू वाढवला जाई आणि तो १२० किलोमीटरच्या पुढे जात नसे, तर नव्या चाचणीत तो १३० च्या पुढे जातो. म्हणून जुन्या चाचणीचा आकडा आणि नव्या चाचणीचा आकडा शेजारी ठेवून दोन गाड्यांची तुलना केली, तर जुनी गाडी विनाकारण सरस दिसते. टाकी पूर्ण भरून, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरून स्वतः काढलेला आकडाच खरा.

गॅरेजातली_वीस_वर्षे

डीपीएफबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

डीपीएफ म्हणजे धुरातील काजळी अडवून धरणारा फिल्टर. अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. गाडीतील संगणक हे काम स्वतःच करतो. तो सिलिंडरमध्ये थोडे जास्तीचे डिझेल उशिरा सोडतो आणि त्याने धुराची उष्णता वाढते. ही प्रक्रिया पूर्ण व्हायला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ गाडी बऱ्यापैकी वेगाने चालत राहिली तर चालकाला काही कळतही नाही. ज्याची रोजची फेरी चार-पाच किलोमीटरची आहे, त्याची गाडी प्रत्येक वेळी मधेच बंद होते. मग काजळी साचत जाते आणि उशिरा सोडलेले ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑईलमध्ये मिसळते. ऑईल पातळ झाले की त्याचा पहिला मार टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर बसतो.

तुमचा प्रवास याच्या अगदी उलट आहे. संध्याकाळी गर्दीतून निघताना इंजिन थंड असेल, पण पुढचे ५५ किलोमीटर ते पूर्ण तापलेले राहील आणि काजळी जाळायला भरपूर वेळ मिळेल. सकाळी कधी कार्यालयाजवळ पोहोचताना ही प्रक्रिया चालू झाली आणि अर्धवट राहिली, तरी परतीच्या वाटेवर ती पूर्ण होईल. थांबल्यावर इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा थोडे अधिक दिसणे, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहणे आणि त्या क्षणाचे ॲव्हरेज अचानक घसरलेले दिसणे, या खुणांवरून ती चालू असल्याचे ओळखता येते. डिझेल गाडीसाठी याहून चांगला वापर मला सांगता येणार नाही.

मात्र काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑईलमधील धातुयुक्त घटकांची राख फिल्टरमध्ये कायमची साचते. म्हणून कमी राखेचे ऑईलच वापरावे. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या वर्गवारीत त्याचा ‘सी’ गट आहे, पण त्यातील नेमका कोणता प्रकार घ्यायचा हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. आधीच्या मालकाने कोणते ऑईल घातले होते, हे बिलांवरून अवश्य तपासा. ते न पाहता गाडी घेणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण नंतर होणारा खर्च टाळता आला असता हे मला दिसत असते.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला याची लेखी नोंद मागा. किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जी मर्यादा आधी येईल ती पाळायची असते आणि तुमच्या धावण्यात ती लवकर येणार आहे. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. डिझेल फिल्टरही वेळेवर बदलावा, कारण इंधनाच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचेच मिळते आणि त्यात शिरलेले पाणी हे भाग लवकर खराब करते.

महामार्गावरचा

‘एक लाखाच्या पुढची गाडी टाळावी का’ या प्रश्नावर माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी सहा वर्षांची आणि जेमतेम ३८,००० किलोमीटर चाललेली डिझेल गाडी घेतली होती. इतकी कमी चाललेली गाडी मिळाली याचा आनंद दोन महिने टिकला. आधीचे मालक ती घरापासून जवळच्या कामांसाठीच वापरत असत, त्यामुळे फिल्टर काजळीने भरलेला होता आणि धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडला होता. दोन्ही भागांच्या दुरुस्तीत माझी वर्षभराची इंधनाची बचत संपली. त्यानंतर मी १,४०,००० किलोमीटर चाललेली, कायम महामार्गावर धावलेली आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद असलेली गाडी घेतली. ती आज २,६०,००० किलोमीटरवर आहे आणि तिने मला रस्त्यात एकदाही उभे केलेले नाही. चार वर्षांत १,२०,००० किलोमीटर झालेली गाडी पाहून तुम्ही बिचकू नका. उलट तेवढ्याच वर्षांत २५,००० झालेली गाडी समोर आली, तर ती कशी चालवली गेली याची कसून चौकशी करा.

इंजिनाच्या आकाराबद्दल बोलायचे तर मध्यम आकाराच्या, फार जड नसलेल्या गाडीला दीड लिटरचे टर्बो डिझेल पुरते. पण केवळ इंजिनाची क्षमता पाहू नका. ताशी १०० किलोमीटरला सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला फेरे किती आहेत ते चालवून पाहा. सहा गिअरच्या गाडीत ते २,००० च्या आसपास किंवा त्याखाली असतील, तर रोजच्या दोन-अडीच तासांत आवाज, थकवा आणि डिझेल तिन्ही कमी लागतात. उंच बांध्याची एसयूव्ही मी या कामासाठी सुचवणार नाही, कारण महामार्गावर इंधनाचा मोठा वाटा हवा कापण्यात जातो आणि तिथे गाडीचा समोरचा आकार थेट नडतो.

वेगाचेही तसेच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १०० ऐवजी १२० ने गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो. तुमच्या ५५ किलोमीटरच्या पट्ट्यात त्यामुळे वाचणारा वेळ साडेपाच मिनिटांचा आहे. मी ९५ ते १०० च्या दरम्यान राहतो, दर आठवड्याला टायर थंड असताना हवा तपासतो आणि छतावरचा कॅरिअर वापरून झाला की लगेच काढून ठेवतो. एवढ्यानेही ॲव्हरेजमध्ये फरक पडल्याचे माझ्या वहीतील नोंदी सांगतात.

शहरवासी

वरील मंडळींशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु शहरातील त्या १५ किलोमीटरकडे थोडे दुर्लक्ष झाले असे वाटते. अनेक देशांतील मोठ्या शहरांनी जुन्या डिझेल गाड्यांवर वयाचे किंवा उत्सर्जन मानकाचे निर्बंध घातले आहेत. तुम्हाला गाडी सहा वर्षे वापरायची आहे, म्हणजे शेवटी ती दहा-अकरा वर्षांची होईल. तेव्हा ती त्या शहरात चालवता येईल का, याची चौकशी आधी करा. काजळीखेरीज डिझेलच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात आणि श्वसनाच्या विकारांशी त्यांचा संबंध असल्याने हे निर्बंध मला अन्यायाचे वाटत नाहीत. शक्य असेल तर अद्ययावत मानकाची, ॲडब्लू लागणारी गाडी पाहा. ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे पाण्यातील द्रावण असून धुरातील हे ऑक्साइड कमी करण्यासाठी ते वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही, म्हणून इशारा दिसताच ते भरावे आणि डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नये.

पेट्रोल हायब्रिडचाही, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेल्या गाडीचाही, विचार एकदा करून पाहावा, असे मी म्हणेन. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवणे आणि गर्दीत इंजिन बंद ठेवणे यांतून तिची बचत होते. महामार्गावर एका वेगाने जाताना तशी संधी फारशी मिळत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत डिझेलचे पारडे जड राहील. पण महामार्गाचे अंतर निम्मे असते, तर माझा सल्ला वेगळा असता.

लांबचा_प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या आठवड्यात दोन गाड्या पाहून आलो. दोन्ही दीड लिटरच्या आणि सहा गिअरच्या आहेत. पहिली ४१,००० किलोमीटर चाललेली असून दिसायला अतिशय सुंदर आहे, पण डिपस्टिकवर ऑईल वरच्या खुणेच्या बरेच वर होते. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे सर्व्हिसिंगच्या वेळी थोडे जास्त भरले गेले असावे. दुसरी १,१८,००० किलोमीटर चाललेली आहे, सर्व बिले उपलब्ध आहेत आणि टायमिंग बेल्ट मागील वर्षी बदललेला आहे. मात्र इंजिन बंद करताना खालून किंचित खडखड ऐकू येते. हा दोष गंभीर समजावा का? आणि ऑटोमॅटिकचा प्रश्न राहिलाच आहे.

गॅरेजातली_वीस_वर्षे

पहिली गाडी सोडून द्या. जास्त ऑईल भरले गेले असेलही, पण कमी चाललेल्या डिझेल गाडीत पातळी वर गेलेली दिसली की मी आधी डिझेल मिसळल्याचा संशय घेतो, आणि तो फिटेपर्यंत खरेदीची बोलणी करणे योग्य नाही.

दुसऱ्या गाडीतील आवाज ड्युअल मास फ्लायव्हीलचा असण्याची शक्यता आहे. इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू नयेत म्हणून त्याच्या दोन चकत्यांमध्ये स्प्रिंग असतात आणि त्या ढिल्या झाल्या की इंजिन बंद करताना खडखड येते. तो बदलताना क्लचही बदलून घ्यावा, कारण मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्यात जातो आणि ते काम दोनदा करण्यात अर्थ नाही. एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून खात्री करून घ्या आणि तेवढा खर्च किमतीतून वजा करून मागा. त्याच वेळी स्कॅनर लावून डीपीएफमधील काजळीचे व राखेचे प्रमाण आणि चारही इंजेक्टरच्या डिझेलच्या मात्रेत संगणक करत असलेल्या फेरफाराचे आकडे पाहून घ्या. एखादा आकडा इतर तिघांपेक्षा फार वेगळा असेल, तर त्या इंजेक्टरचे काम निघणार आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी स्वतः चालू करून पाहा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले आढळले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

ऑटोमॅटिक हवीच असेल तर रोज दोन्ही वेळा गर्दीत रांगत चालावे लागणार असल्याने मी टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाशी क्लचऐवजी ऑईलच्या माध्यमातून जोडलेला) गिअरबॉक्स निवडेन, कारण कोरड्या प्लेटांचा ड्युअल क्लच (ऑईलविना चालणारे दोन क्लच असलेला प्रकार) अशा वापरात तापतो. पण तुम्ही पाहिलेल्या दुसऱ्या गाडीचे इंजेक्टर आणि फिल्टर ठीक निघाले, तर तिचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स नवा क्लच घालून तुमची सहा वर्षे सहज काढेल. तपासणीचे आकडे मिळाल्यावर येथे लिहा, मी पाहून सांगतो.