शब्दचर्चा : छिन्नमनस्क, दुभंग आणि 'अस्मितासंघर्ष'

प्रश्न : हिंदी चित्रपटांवरच्या मराठी लेखांत 'छिन्नमनस्क' आणि 'दुभंग व्यक्तिमत्त्व' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. दोन्ही एकच का? आणि 'आयडेंटिटी कॉन्फ्लिक्ट'ला 'अस्मितासंघर्ष' चालेल?

प्रतिसाद : एकच नाहीत. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया. भास होतात, कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, नसते संशय मनात घर करतात. पण 'मी' एकच असतो. दुभंग व्यक्तिमत्त्वात एकाच देहात निरनिराळे 'मी' आळीपाळीनं पुढं येतात. 'भूल भुलैया'तली (२००७) अवनी आठवा. बंगालीत बोलू लागते तेव्हा ती मंजुलिका असते, अवनीला त्याचा पत्ताही नसतो. (एका हातानं पलंग उचलते ते मात्र आजाराच्या खाती मांडू नका, ती दिग्दर्शकाची कृपा.) घोळ मूळ नावातच आहे. ग्रीक 'स्किझो' म्हणजे दुभंगणं. आपण त्याचं 'छिन्न' केलं आणि वाचणाऱ्याला वाटलं, माणसाचे दोन तुकडे झाले.

प्रश्न : मग 'तमाशा'तला (२०१५) वेद? तोही आरशासमोर स्वतःशी बोलतो, बॉसपुढं भलतीच नाटकं करतो.

प्रतिसाद : चित्रपट त्याच्या आजाराचं नाव घेत नाही, आपण कशाला घ्यायचं? कॉर्सिकातला मनमौजी 'डॉन' आणि दिल्लीतला घड्याळाच्या काट्यावर चालणारा नोकरदार, दोन्ही आपणच हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तिथं 'दुभंग' लिहिलं की समीक्षक डॉक्टर होऊन बसतो. मी 'स्वत्वाची ओढाताण' लिहितो. 'अस्मितासंघर्ष' नको. मराठीत अस्मिता भाषेच्या नि प्रांताच्या अभिमानाला इतकी चिकटलीय की वाचकाला थेट मोर्चाच दिसायचा.

आणखी एक. 'मेंटल', 'वेडसर' ही विशेषणंही परीक्षणांतून जायला हवीत. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं हरकत घेतल्यावर २०१९ साली 'मेंटल है क्या'चं 'जजमेंटल है क्या' झालं. चित्रपटवाल्यांनी नाव बदललं, आपले मथळे तसेच.

प्रश्न : 'कार्तिक कॉलिंग कार्तिक'चं (२०१०) काय? तिथं तर स्किझोफ्रेनियाच म्हटलंय.

प्रतिसाद : म्हटलंय खरं, पण नायक स्वतःच फोनवर निरोप भरून ठेवतो आणि ते त्याला आठवतही नाही. ही लक्षणं दुभंगाकडं झुकणारी. अशा वेळी 'चित्रपटाच्या मते छिन्नमनस्कता' असं लिहावं आणि पुढच्याच वाक्यात पडद्यावर काय दिसतं ते सांगावं.