प्रतिसाद: आरएमआयमध्ये स्वतःचे एक्सेप्शन क्लायंटपर्यंत का पोहोचत नाही

आरएमआयने (दुसऱ्या यंत्रावरच्या जावा ऑब्जेक्टची मेथड बोलावण्याची सोय) सर्व्हरवर फेकलेले 'खाते सापडले नाही' हे स्वतः लिहिलेले एक्सेप्शन क्लायंटच्या कॅच ब्लॉकमध्ये येत नाही, त्याऐवजी अनमार्शल-एक्सेप्शन (आलेल्या बाइट्समधून ऑब्जेक्ट परत उभा करता न आल्याची चूक) दिसते, असा मूळ प्रश्न आहे. वर सुचवलेला 'सीरियलायझेबल लावा' (म्हणजे ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून पाठवता येईल अशी खूण क्लासवर करा) हा उपाय इथे गैरलागू आहे. सगळ्या एक्सेप्शनचा मूळ थ्रोएबल क्लास मुळातच सीरियलायझेबल असतो.

आधी गेटकॉझ (एक्सेप्शनमागचे मूळ एक्सेप्शन, म्हणजे 'कॉझ', देणारी मेथड) छापून बघा. क्लास-नॉट-फाउंड असेल तर एक्सेप्शनचा क्लास क्लायंटच्या क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधते त्या जागांच्या यादीत) नाही. तो रिमोट इंटरफेससोबत (दुरून बोलावता येणाऱ्या मेथड्सची यादी) एकाच जारमध्ये (क्लासेसची एकत्र बांधलेली फाइल) ठेवा आणि तीच जार दोन्हीकडे द्या. इनव्हॅलिड-क्लास असेल तर दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत. सीरियल-व्हर्जन-यूआयडी (क्लासची आवृत्ती ओळखणारा आकडा) हाताने लिहून टाका.

हमखास फसवणारी जागा मात्र वेगळीच. डेटाबेस लायब्ररीचे मूळ एक्सेप्शन तुम्ही कॉझ म्हणून जोडले, की तेही वायरवरून जाते. ती लायब्ररी क्लायंटकडे नसतेच, आणि मग तुमचा क्लास जागेवर असूनही सगळे कोसळते. म्हणून कॉझ सर्व्हरवरच लॉग करा, पलीकडे फक्त एरर कोड आणि मजकूर पाठवा. एक्सेप्शनच्या फील्डमध्ये कनेक्शनसारखी वस्तू ठेवली तरी हाच घोळ.

आणखी एक: स्वतःचा क्लास रिमोट-एक्सेप्शनपासून एक्स्टेंड करू नका (हा मोह बऱ्याच जणांना होतो). सर्व्हरवर फेकलेले रिमोट-एक्सेप्शन आरएमआय सर्व्हर-एक्सेप्शनमध्ये गुंडाळून पाठवते, त्यामुळे तुमचा कॅच कोराच राहतो. साध्या एक्सेप्शनपासून एक्स्टेंड करा, आणि इंटरफेसच्या थ्रोजमध्ये रिमोट-एक्सेप्शन आणि तुमचा क्लास, दोन्ही नावे लिहा.