ताईला अल्झायमर, भाऊ म्हणतो तू वाढवून सांगून राहिली

धाकटी_महाल:
आम्ही तिघं भावंडं, ताई मोठी, ७२ ची. भाऊजी गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. एकच गोष्ट दहादा विचारते, गॅस सुरू ठेवते, परवा बांगड्या स्वतःच तांदळाच्या डब्यात ठेवल्या अन् मला म्हणे तूच नेल्या. जिने बोट धरून शाळेत नेलं तिने असं म्हणावं, रात्रभर रडली मी. पुण्याच्या भावाशी फोनवर मात्र नीट बोलते, म्हणून त्याला पटतच नाही. काय करू?

दादाचा_भाऊ:
ताई, फोनवर पाच मिनिटं असंच होतं. जेवला का, पोरं कशी आहेत, ही रोजची वाक्यं तोंडात बसलेली असतात, आत्ताचं आधी पुसतं. माझा दादा दिवेलागणीला घरातच बसून "घरी चल" म्हणायचा, दाराची कडी काढायचा. मधल्याला आम्ही चार दिवस राहायला बोलावलं, समजावलं काहीच नाही. तिसऱ्या रात्री दोन वाजता तोच दादामागे रस्त्यावर धावला. तेव्हापासून महिन्यातून आठवडाभर येते तो. भावाला बोलवा अन् रात्री ताईजवळ त्यालाच झोपू द्या.

सीताबर्डीकर:
बी१२ अन् थायरॉइड तपासलं का? त्यानेही विसर वाढतो अन् तेवढा भाग औषधाने सुधारू शकतो. आणखी एक, पॉवर ऑफ अॅटर्नीच्या, म्हणजे ताईने तिच्या वतीने व्यवहार करायला दिलेल्या अधिकारपत्राच्या, भरवशावर राहू नका, १८७२ च्या करार कायद्याने देणाऱ्याची समज गेली की ती संपते, आमचं बँकेत तिथेच अडलं. मृत्युपत्र वगैरे करायचं असेल तर ताईला कळतं आहे तोवरच, अन् भावासमोर, नाहीतर उद्या बांगड्यांचा आळ तोही घेईल तुमच्यावर.

इतवारीची_सून:
बांगड्यांवरून वाद घालू नका हो, "चला ताई, दोघी मिळून शोधू" म्हणा. तिच्यासाठी त्या खरंच हरवल्या असतात. माझ्या नणंदेला मी वर्षभर चूक दाखवत बसली, ती नुसती घाबरत गेली, त्याचं अजून वाईट वाटतं मला.

धाकटी_महाल:
बी१२ पाहिलंच नव्हतं, उद्या सॅम्पल देते. भावाला मारबतीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणूक निघते ना तेव्हा, ये म्हटलं, आठ दिवसांसाठी, हो म्हणाला. आज ताईला सांगितलं तर सकाळचं जेवण आठवत नव्हतं पण "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" खणखणीत म्हणाली, मग विचारलं, बाबा नेतील ना आपल्याला? मी हो म्हटलं.