जुन्या मसल कारचा सांगाडा कडक करण्याचे अनुभव – लिहा मंडळी

वुडवर्डकर (मिशिगन):
मंडळी, इकडे अमेरिकेत जुन्या मस्टँग, कमॅरो, चार्जर अशा मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्या, सांभाळणारे आपल्यात बरेच आहेत, इंजिनाबद्दल सगळे भरभरून लिहितात पण ते इंजिन ज्याच्यावर बसलंय त्या सांगाड्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा. माझी १९६६ ची मस्टँग कूप, २८९ घनइंची व्ही-८ इंजिन. ही गाडी मुळात फोर्डच्याच फॅल्कनवर बेतलेली, वेगळी फ्रेम नाहीच. पुढचे रेल (सांगाड्याचे लांब पोकळ दांडे) पुढच्या सीटच्या आसपास फ्लोअरखाली संपतात, मागचे मागच्या सीटपाशी सुरू होतात, मधे फक्त पत्रा आणि दोन्ही बाजूंचे रॉकर, म्हणजे दाराखालचे पोकळ उंबरे. मी सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करून घेतले, म्हणजे हे पुढचे-मागचे रेल जोडणारी चौकोनी नळी, २ बाय २ इंची. फरक पहिल्यांदा कळला तो रेल्वे क्रॉसिंगवर, डॅशबोर्डची खडखड गायब! आधी पुढच्या एका कोपऱ्याला जॅक लावला की दाराची फट बदललेली डोळ्यांना दिसायची, आता गाडी जॅकवर असतानाही दार अलगद लागतं. तुम्ही काय केलंत आणि का केलंत ते सविस्तर लिहा.

चार्जरवेडा (ओहायो):
छान धागा. माझी १९६९ ची चार्जर, ४४० मॅग्नम इंजिन, म्हणजे कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ३७५ हॉर्सपॉवर. हिच्यात पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग नाही, लांब टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत आणि त्यांचं मागचं टोक सीटखालच्या क्रॉसमेंबरमधे (आडव्या तुळईत) अडकवलेलं असतं. म्हणजे पुढच्या चाकांचा भार थेट गाडीच्या मध्यावर येतो, म्हणून कनेक्टर त्या क्रॉसमेंबरपासून मागच्या रेलपर्यंत हवा. त्या काळी हेमी इंजिनाच्या गाड्यांना आणि कन्व्हर्टिबलना (उघडणाऱ्या छताच्या गाड्यांना) कंपनीच टॉर्क बॉक्स, म्हणजे रेल आणि रॉकर जोडणारे पत्र्याचे खोके, लावून द्यायची, बाकीच्यांना नाही, मी तेही बसवून घेतले. अजून एक, या गाड्या बायस-प्लाय, म्हणजे कमी पकडीच्या जुन्या धाटणीच्या टायरच्या जमान्यातल्या. आपण आता रुंद, चिकट रेडियल लावतो, टायर घसरत नाही मग तो सगळा पीळ बॉडीत जातो. नुसत्या इंजिनाला दोष देऊन चालत नाही.

कमॅरोवाली (कॅलिफोर्निया):
माझी १९६८ ची कन्व्हर्टिबल कमॅरो आहे, त्यामुळे छताचा आधारच नाही. हिची थरथर मारायला शेवरलेने चार कोपऱ्यांत वजनदार डँपर बसवले होते, लोक त्यांना कॉकटेल शेकर म्हणतात. म्हणजे थरथर लपवायची सोय, कडकपणा नव्हेच. पहिल्या पिढीच्या कमॅरोत पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरणारी अर्धी फ्रेम) वेगळी असते, रबरी बुशवर बोल्टने बॉडीला लावलेली. मी रबर काढून अॅल्युमिनियमचे बुश टाकले आणि मग कनेक्टर. पण आधी सबफ्रेम काटकोनात आहे ना ते तपासा, सबफ्रेमला आणि बॉडीला मुद्दाम दिलेली छिद्रं आहेत, त्यांच्यातून सरळ रॉड गेला की जागा बरोबर. आणि कृपा करून वेल्डिंग करताना गाडी चाकांवरच उभी असू द्या. दोन खांबांच्या टू-पोस्ट लिफ्टवर गाडी मधेच धरलेली असते, दोन्ही टोकं लोंबकळत असतात, तशीच वेल्ड केली तर तो बाक कायमचा गाडीत राहतो आणि दारं नीट लागत नाहीत!!

शेव्हेलकाका (टेक्सास):
कमॅरोवाली ताई, एकदम बरोबर. माझी गोष्ट जरा वेगळी आहे, १९७० च्या शेव्हेलला स्वतंत्र फ्रेम असते, त्यामुळे कनेक्टरचा प्रश्नच नाही. पण कूपच्या फ्रेमचे बाजूचे रेल उघडे, इंग्रजी सी अक्षरासारखे. कन्व्हर्टिबल आणि एल कमिनोला (याच गाडीचा मागे उघडा हौदा असलेला प्रकार) कंपनीने तेच रेल बंद करून दिले होते. काडेपेटीचा आतला ट्रे हातात घेऊन पिळून बघा, मग तो बाहेरच्या खोक्यात सरकवून पिळा, उघड्या आणि बंद रेलमधला फरक लगेच कळेल. मी उघड्या बाजूला पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, एकेक इंचाचे टाके, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, मधे थंड होऊ द्यायचं. सलग वेल्ड ओढला की फ्रेम उष्णतेने वाकते. मागचे लोअर कंट्रोल आर्मही (मागचा अॅक्सल फ्रेमला जोडणारे खालचे दांडे) असेच बंद करून घेतले, जोरात सुटताना मागचा भाग आता वळवळत नाही.

मीठ_आणि_गंज (शिकागो):
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण इकडच्या थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, आम्हाला आधी गंज बघावा लागतो. माझ्या मस्टँगला आधीच्या मालकाने एका गॅरेजकडून कनेक्टर लावून घेतले होते, दिसायला भक्कम, पण खालचा रेल सडलेला, नळीने तो पत्रा चक्क फाडला. स्क्रूड्रायव्हरने रेल, टॉर्क बॉक्स, काऊलखालची (पुढच्या काचेच्या पायथ्याखालची) जागा टोचून बघा, टोक आत गेलं तर आधी पत्रा बदला. दुसरं, कडकपणासाठी गाडीच्या आत रोल केज (लोखंडी नळ्यांचा पिंजरा) घालून रस्त्यावर फिरणं मला अजिबात पटत नाही. हेल्मेट नसताना अपघातात डोकं त्या लोखंडी नळीवर आपटतं.

वुडवर्डकर:
केजबद्दल पूर्ण सहमत. पुढच्या भागासाठी मी १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मधे असायचा तसा एक्सपोर्ट ब्रेस (शॉक टॉवर काऊलला बांधणारा आधार) आणि माँटे कार्लो बार (दोन टॉवरमधला आडवा दांडा) लावलाय, त्यामुळे शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे बुरूज, आत झुकायचे थांबतात. फक्त ब्रेस बसत नाही म्हणून टॉवरची भोकं मोठी करू नका, बसत नसेल तर टॉवर आधीच झुकलेत, ते आधी सरळ करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, कार्पेट काढा, आत कुणाला तरी अग्निशामक घेऊन बसवा. शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि नळीच्या आत गंजरोधक मेण मारा.