प्री-मेडसाठी ऑस्टिन की ॲन आर्बर?
टेक्सासमध्ये राहता, मुलीला टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) आणि मिशिगन विद्यापीठ (ॲन आर्बर) दोन्हीकडे प्रवेश मिळालाय, प्री-मेडसाठी (मेडिकल कॉलेजच्या आधीच्या पदवीसाठी) कुठे पाठवावं, असा तुमचा प्रश्न. रँकिंगवर बरीच चर्चा होते, पण मेडिकलच्या प्रवेशात विद्यापीठाच्या नावापेक्षा जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) जड पडतात. माझं मत ऑस्टिन, मुख्यतः फीमुळे. मिशिगनमध्ये परराज्याची फी भरावी लागेल आणि पुढे मेडिकलची चार वर्षं उभीच आहेत.

टेक्सासच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत परराज्यातल्यांना फार तर १० टक्के जागा असतात. तुम्ही तिथेच राहणार असाल आणि मुलगी तुमच्यावर अवलंबून असेल, तर मिशिगनला शिकूनही तिचा रहिवास सहसा टिकतो. म्हणजे तो मुद्दा निर्णायक नाही.

खरी घसरण होते पहिल्या सत्रात. केमिस्ट्री, बायॉलॉजी, कॅल्क्युलस एकदम घेतलं आणि सी ग्रेड आला, तर विषय पुन्हा घेऊनही पहिला ग्रेड जीपीएच्या हिशेबातून जात नाही. पहिल्या सत्रात लॅबचा एकच विषय पुरे. एपीचं (शाळेतच केलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांचं) क्रेडिट काही मेडिकल कॉलेजं मानत नाहीत. त्यासाठी त्याच विषयातला वरच्या पातळीचा कोर्स कॉलेजात करावा.

शिफारसपत्रं बहुधा विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची लागतात. शेकडो मुलांच्या वर्गात ती आपोआप मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळांना) जायला हवं.

आणि मुलगी अजून एच-४ वर (आई-वडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर हे आधी बघा: ग्रीन कार्डाशिवाय अनेक मेडिकल कॉलेजं अर्जच घेत नाहीत.