कूलरचा पंखा बदलला आणि घुमायला लागला. मोटर खरंच गेली का?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. इथं मे महिन्यात कूलरशिवाय झोपायची सोय नाही, म्हणून घाईनं विचारतोय.

पत्र्याचा जुना कूलर आहे. तीन पात्यांचा पंखा वाकला म्हणून गेल्या आठवड्यात चार पात्यांचा बसवला. मोटर तीच, पाटीवर १४४० आरपीएम. हवा झकास, पण आवाज पार पालटला. आधी एकसारखी घूंऽ असायची, अण्णा त्यावर बिनघोर झोपायचे. आता वूंव-वूंव-वूंव असे हेलकावे. अण्णा म्हणतात, छातीवर बसून कुणी पाळणा हलवतंय.

मिस्त्री म्हणतो वायंडिंग गेलं, नवी मोटर टाका. मला पटेना. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबला की खडखड थांबते, हेलकावा नाही. बटण बंद केलं की पंखा थोडा वेळ फिरतो, हवाही येते, पण हेलकावा तिथल्या तिथं गायब! आणि रात्री गावभर कूलर लागून व्होल्टेज पडलं की हेलकावे जलद होतात. मंद व्हायला पाहिजेत ना? रेकॉर्डिंग टाकणार होतो, पण मोबाईलच्या स्पीकरवर ती घूं ऐकूच येत नाही.

प्रतिसाद:
दादा, मोटरला हात लावू नका. १४४० म्हणजे सेकंदाला २४ फेरे. चार पाती, म्हणजे हवेला ९६ फटके. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे करंट सेकंदाला ५० वेळा पुढं-मागं होतो; दर वेळी लोखंडाला दोनदा ओढ बसते, म्हणून मोटरचं लोखंड सेकंदाला १०० वेळा थरथरतं. भजनात दोन पेट्या जराशा बेसूर लागल्या की सूर डुलतो, तसंच हे: ९६ आणि १००, सेकंदाला ४ हेलकावे. तीन पात्यांचे ७२ फटके, ते १०० पासून लांब, म्हणून आधी जाणवलं नाही. व्होल्टेज पडलं की फेरे घटतात, १०० मात्र १००च राहतात. फरक वाढला की डुलणं जलद. तीन किंवा पाच पाती बसवा. शिवाय मोटरच्या बोल्टांखाली रबर घाला, नाहीतर पत्रा ती थरथर घेऊन ढोल होतो.

धागाकर्ता:
मोजले. दहा सेकंदांत चाळीसेक! सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातलेत, घूं निम्म्यानं बसली. तीन पात्यांचा पंखा उद्या बाजारात बघतो. मिस्त्रीचे दोन मिस्डकॉल आलेत, ते तसेच ठेवलेत.