'अडॅप्टेशन'ला 'बेतणे' म्हणता येईल का? (सुपरहिरो, कॉमिक्स आणि टीव्ही)

मूळ प्रश्न

मंडळी, जुन्या अमेरिकन सुपरहिरो मालिकांवर एक लेख लिहितेय आणि एकाच शब्दापाशी अडलेय. कॉमिक्समधला हिरो टीव्हीवर आणताना जे काय करतात, ज्याला आपण बोलताना सरळ अडॅप्टेशन म्हणतो, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? रूपांतर, माध्यमांतर, की 'कॉमिक्सवर आधारित' लिहून मोकळं व्हायचं? मला त्या शब्दात पैशाची आणि वेळेची ओढाताणही यायला हवीय, कारण अख्खा लेख त्यावरच आहे.

प्रतिसाद 1

रूपांतर नको असं माझं स्पष्ट मत. आपल्या नाटकवाल्यांनी त्या शब्दाला फार पक्का अर्थ दिलाय, पुलंनी शॉच्या नाटकाची 'ती फुलराणी' केली ते रूपांतर, म्हणजे माणसं इथली, बोली इथली, जात-वर्गाचे पीळ इथले. त्या अर्थाने सुपरहिरोंमध्ये खरं रूपांतर बघायचं तर जपानच्या तोएई कंपनीची 1978 ची स्पायडरमॅन मालिका बघा. पोशाख तोच ठेवला, पण आत मूळ कॉमिकमधला पीटर पार्कर नाहीच, ताकुया यामाशिरो नावाचा मोटरसायकल रेसर आहे, त्याला शक्ती परग्रहावरच्या माणसाकडून मिळते आणि लढायला लेओपार्डोन नावाचा अवाढव्य रोबो आहे. ते तिकडचंच होऊन गेलं. पण अमेरिकन कॉमिक अमेरिकेतच टीव्हीवर आलं तर त्याला रूपांतर म्हणताना माझी जीभ अडखळते.

माध्यमांतर बरोबर आहे पण कोरडं आहे, सामान या खोलीतून त्या खोलीत नेल्यासारखं वाटतं. आणि 'आधारित' तर कशालाही लावतात.

मी 'बेतणे' सुचवतो. माझी आई ब्लाउज शिवायची. ऐंशी सेंटिमीटरचा पीस आणि गिऱ्हाइकाला बाह्या मात्र कोपरापर्यंत हव्यात, असं आलं की ती लगेच कात्री हातात घ्यायची नाही. जमिनीवर कापड पसरून, घडी एकदा उभी एकदा आडवी घालून, बाहीचा कागद फिरवून फिरवून बघायची, पाठीच्या बाजूला उरणाऱ्या तुकड्यातून गळपट्टी निघते का ते खडूने आखायची, आणि सगळं बसतंय म्हटल्यावरच कापायची. त्या आखण्याला ती बेतणं म्हणायची. कापणं वेगळं, शिवणं वेगळं. कापड वाढत नाही, माप बदलत नाही, आणि तरी अंगात नीट बसायला हवं. टीव्हीवाले दुसरं काय करतात?

1977 ते 1982 ची 'द इन्क्रेडिबल हल्क' घ्या. कॉमिकमधला हल्क रणगाडे उचलून फेकतो, मैलोनमैल उड्या मारतो, सैन्याशी लढतो. दर आठवड्याच्या मालिकेत हे कुठून आणणार? मालिकेचे निर्माते केनेथ जॉन्सननी मग रणगाडे, सुपरव्हिलन सगळं बाजूला काढलं आणि ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधून पाठलागावर असलेला माणूस घेतला. रागावला की हल्क होणाऱ्या ब्रूस बॅनरचा डेव्हिड बॅनर झाला, गॅमा बॉम्बच्या जागी प्रयोगशाळेतला गॅमा किरणांचा जादा डोस आला, मागे एक पत्रकार लागला. दर भागात नवं गाव, नवी नोकरी, साधे गावगुंड, आणि शेवटी पियानोच्या सुरावर एकटा रस्त्याने निघालेला बॅनर, म्हणजे नट बिल बिक्सबी. हल्क म्हणजे हिरव्या रंगात रंगवलेला लू फेरिग्नो, जो एक शब्दही बोलत नाही, नुसता गुरगुरतो, आणि एका भागात फार तर दोनदा येतो. पण त्यामुळेच तो येण्याआधी बॅनरचे डोळे पांढरे होतात ना, त्या एका क्लोजअपला आजही पोटात गोळा येतो. कापड कमी पडलं म्हणून बाही आखूड केली असं नाही झालं, कापडाकडे बघून वेगळाच सुंदर कपडा बेतला.

प्रतिसाद 2

हल्कचा रंगसुद्धा बेतलेलाच आहे बरं का. 1962 च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता, पण छपाईत तो राखाडी एकसारखा उमटेना म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. म्हणजे टीव्हीच्या आधी कागदानेसुद्धा माप घेतलं होतं.

जॉर्ज रीव्हजच्या सुपरमॅन मालिकेचे पहिले दोन सीझन ब्लॅक अँड व्हाइट होते, त्यात त्याचा पोशाख निळा-लाल नव्हताच, तपकिरी आणि करड्या छटांचा होता, कारण तसाच तो पडद्यावर नीट उठून दिसायचा. लोकांना घरी बसून निळा-लालच 'दिसत' होता!

पण 1966 च्या बॅटमॅनला मी बेतणे नाही म्हणणार. बॅटमॅन आणि रॉबिन दोरीला धरून इमारत चढतात तो सीन आठवा: इमारतीची भिंत स्टुडिओच्या जमिनीवर आडवी पसरलेली, ॲडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड कमरेत वाकून त्यावरून चालतायत, कॅमेरा काटकोनात फिरवलेला, आणि केप खाली लोंबतायत असं वाटावं म्हणून त्यांना दोऱ्या बांधून ओढून धरलेलं. याला सरळ जुगाड म्हणूया की.

प्रतिसाद 3

जुगाड नका म्हणू प्लीज. तो शब्द कसंतरी भागवलं असा आहे, आणि इथे कोणीतरी डोकं लावलंय. आपल्याकडे 'क्लृप्ती' आहे, 'युक्ती' आहे. माझ्या मते दोन पातळ्या धरा: अख्खी गोष्ट ठरवणं म्हणजे बेतणं, एकेक शॉट निभावून नेणं म्हणजे क्लृप्ती. लिंडा कार्टरची वंडर वुमन गरकन फिरते आणि कपडे बदलतात, ती क्लृप्ती. पण पहिला सीझन दुसऱ्या महायुद्धातला होता, जुन्या काळाच्या गाड्या, कपडे, सेट सगळंच महाग, आणि चॅनल बदलल्यावर गोष्ट थेट 1970 च्या दशकात आणली, ते बेतणं.

शंका एकच. 'सत्यघटनेवर बेतलेला' असं पोस्टरवर सर्रास असतं, तिथे त्याचा अर्थ नुसता 'आधारित'. वाचकाला ओढाताण कळेल का?

प्रतिसाद 1 (पुन्हा)

मुद्दा मान्य, शब्द झिजलाय खरा. पण त्याची भावंडं अजून ताजी आहेत, 'बेताचा पगार', 'बेताची उंची', तिथे मर्यादा लगेच कळते. एकदा 'बेताच्या पैशात बेतलेली' असं जोडून लिहा, पुढे नुसतं 'बेतलेली' पुरेल. एरवी 'जिवावर बेतणे'मुळे थोडा धोक्याचा वासही येतो शब्दाला, तोही मला इथे चालेल, कारण 1990 ची महागडी फ्लॅश मालिका एका सीझनमध्येच बंद झाली.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांना मनापासून थँक्स, 'बेतणे' घेतेय. पहिलं वाक्य असं केलंय: 'मार्व्हलच्या कॉमिकवर, टीव्हीच्या बेताच्या पैशात बेतलेली मालिका.' आता विचार करतेय की कपडा अंगावर बेततात, म्हणजे 'कॉमिकवर बेतलेली'मध्ये कॉमिक हे अंग आणि पैसा हे कापड. सुपरमॅनला, वंडर वुमनला ते चपखल बसतं. हल्कबाबत मात्र मला वाटतं जॉन्सननी कपडा बिल बिक्सबीच्या अंगावर बेतला. मग तिथे 'कॉमिकवर' की 'कॉमिकमधून'? 'कॉमिकमधून बेतलेली' तुमच्या कानाला चालतं का?